वाचाय आलासा का बघाय?

नाताळच्या सुट्टीत महाबळेश्वरकडं फिरकू नये, हे सांगली-साताऱ्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आम्ही गेलो. लेकीची शाळा तेव्हाच बंद, नवऱ्याच्या उरलेल्या रजा ३१ डिसेंबरला बुडणार आणि बाबांचा पाच-सहा वर्षांचा एकच धोशा, ‘ते पुस्तकांचं गाव एकदा बघून यायला पाहिजे.’ शेवटी ठरलं. तीन दिवस, मुक्काम पाचगणीत आणि त्यातला एक अख्खा दिवस भिलारला.

बाबा म्हणजे माझे वडील. सांगलीतल्या एका छापखान्यात चौतीस वर्षं होते. आधी खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. पुढं संगणक आला तेव्हा मालकांनी मुद्रितं तपासायला बसवलं. खिळे जुळवणाऱ्याचं वाचन मोठं विचित्र असतं. कादंबरी आली की तिचे फर्मे, म्हणजे सोळा-सोळा पानांचे भाग, चार-पाच जणांत वाटले जायचे. बाबांच्या वाट्याला पाचवा आणि सहावा आला, तर नायिका पान ६५ ला रडत असायची आणि पान ९६ ला विहिरीच्या काठावर उभी असायची. ती का रडत होती आणि पुढं तिनं उडी मारली का, याचा पत्ता नाही. ‘पुस्तक बांधून आल्यावर वाचायचं ना,’ असं मी एकदा म्हटलं होतं. तर म्हणाले, ‘तोवर दुसऱ्या चार बायका विहिरीवर उभ्या असायच्या.’ अजूनही हातात पुस्तक घेतलं की ते मधूनच उघडतात. त्याआधी फक्त एक पान बघतात, मुद्रक कोण ते.

आईला पुस्तकांशी काही देणंघेणं नव्हतं. तिला स्ट्रॉबेरी झाडाला लागलेली बघायची होती. ‘झाडाला नसते गं, रोपाला असते,’ असं लेकीनं निघण्याआधीच तीनदा सांगून झालं होतं.

पहिला दिवस, शनिवार

सकाळी सहाला निघालो. कराडला चहा घेतला, साताऱ्याला न थांबता पुढं गेलो, पाचवड फाट्याला हायवे सोडला आणि साडेनऊला वाईत पोचलो.

ढोल्या गणपतीला रांग होती, पण सरकणारी. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ. मूर्ती एकाच दगडातली आणि इतकी ऐसपैस, की पोरांनासुद्धा हात जोडायच्या आधी हसू येतं. मला मात्र तिथं दर वेळी देवळाची पाठ बघायची असते. मागची भिंत माशाच्या तोंडासारखी निमुळती केली आहे. कृष्णेला पूर आला की पाण्याचा लोंढा त्या टोकावर दोन्हीकडं फुटावा आणि देऊळ शाबूत राहावं, अशी ती योजना. आम्ही पण त्याच कृष्णेची माणसं, फक्त खालच्या अंगाची. २०१९ च्या पुरात आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत पाणी होतं आणि तळमजल्यावरची बाबांची पुस्तकांची लोखंडी ट्रंक दहा दिवस पाण्याखाली होती. उघडली तेव्हा आत पुस्तकं नव्हती, एकच मोठा लगदा होता. बाबांनी त्या भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘आपल्या जिन्याला असलं तोंड काढायला पाहिजे होतं.’

वाईत बाबांचं आणखी एक काम होतं. मराठी विश्वकोशाचं कार्यालय बघायचं. गंगापुरीत आहे, विचारत विचारत गेलो. शनिवार असल्यानं बंद होतं. मला वाटलं हिरमुसतील, पण ते फाटकाबाहेर उभं राहून पाटी वाचत बसले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वाईचे. त्यांच्या हाताखाली या गावात बसून विद्वानांनी अकारविल्ह्यानं अख्खं जग मांडायला घेतलं. पहिला खंड १९७६ साली निघाला. छापखान्याच्या मालकांनी तो विकत आणला तेव्हा बाबा अठ्ठावीस वर्षांचे होते. ‘आम्ही जुळाऱ्यांनी तो वाचला नाही, भिंग लावून बघितला,’ म्हणाले. ‘ओळी कशा बसवल्यात, जोडाक्षरं कशी घेतलीत, समास किती सोडलाय. दुपारची सुट्टी त्यातच गेली.’ लेकीनं विचारलं, ‘आणि चुका?’ त्यावर आजोबा नुसतेच हसले. म्हणजे सापडल्या असणार.

मेणवली त्यामानानं उरकली. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा देखणा घाट आणि घाटावरच्या देवळापाशी टांगलेली ती मोठी घंटा. चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हा तिथल्या चर्चांमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यातली ही एक. तिच्यावर बाळ घेतलेली मेरी आहे आणि १७०७ हे साल. बाबांनी साल वाचलं, आकडे नीट ओतलेत म्हणाले. हिंदी सिनेमांचं शूटिंग इथं होतं म्हणून घाटावर पायरीपायरीला फोटो चालले होते.

पसरणी घाटात गाड्यांची शेपटी लागली. घाटाच्या पायथ्याचं पसरणी हे शाहीर साबळ्यांचं गाव, एवढं सांगून होईपर्यंत आम्ही दोन वळणंच चढलो होतो. पंधरा-वीस मिनिटांच्या घाटाला पावणेदोन तास. पाचगणीतल्या लॉजवर ‘व्हॅली व्ह्यू’ म्हणून जादा पैसे भरलेली खोली मिळाली. व्हॅली होती, नाही असं नाही. बाथरूममध्ये बादली पालथी घालून तिच्यावर उभं राहिलं की छोट्या खिडकीतून दिसायची. नवऱ्यानं काउंटरवर जाऊन वाद घातला आणि वादाची फलश्रुती म्हणून एक जादा ब्लँकेट घेऊन आला. रात्री थंडी अशी पडली, की व्हॅलीपेक्षा ब्लँकेट बरं हे सगळ्यांनी मान्य केलं.

दुसरा दिवस, रविवार

लवकर उठून टेबललँडवर जायचं ठरलं होतं. बाबा कधीचेच आंघोळ करून, स्वेटर-मफलर घालून, चष्म्याची डबी खिशात टाकून दारात उभे. म्हणाले, ‘पठार काय, कुठं जात नाही.’ पुस्तकं तरी कुठं जाणार होती! पण साडेनऊला गाडी भिलारच्या रस्त्याला लागली होती.

पाचगणीपासून महाबळेश्वरच्या रस्त्यानं थोडं पुढं जायचं आणि फाट्याला वळायचं. सगळं मिळून आठेक किलोमीटर. मुख्य रस्त्यावर मुंबई-पुण्याच्या गाड्यांची गर्दी, आणि फाटा सोडला की एकदम लाल मातीचे वाफे, सिल्व्हर ओकची उंच झाडं आणि सकाळचं कोवळं ऊन. भिलार म्हणजे स्वातंत्र्यसैनिक आणि पुढं आमदार झालेल्या भिलारे गुरुजींचं गाव. पिकाचं म्हणाल तर स्ट्रॉबेरीचं. राज्य मराठी विकास संस्थेनं ४ मे २०१७ ला इथं ‘पुस्तकांचं गाव’ सुरू केलं. गावातली घरं, देवळं, शाळा, लॉज अशा पंचवीस जागा निवडल्या, चित्रकारांनी भिंती रंगवल्या आणि सुरुवातीला पंधरा हजारांच्या आसपास पुस्तकं कपाटांत लावली. एका घरी कादंबऱ्या, एका घरी चरित्रं, कुठं संतसाहित्य, कुठं दिवाळी अंक. त्या त्या दारावर तशी पाटी. आपण जायचं, वहीत नाव लिहायचं, हवं ते पुस्तक काढायचं आणि बसून वाचायचं. पैसे नाहीत. पुस्तक विकतही मिळत नाही आणि घरीही नेता येत नाही.

कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. तिथं रिचर्ड बूथ नावाच्या गृहस्थानं साठच्या दशकात जुन्या पुस्तकांचं दुकान काढलं, एकाची अनेक झाली, आणि १ एप्रिल १९७७ ला त्यानं गाव स्वतंत्र राज्य म्हणून जाहीर करून स्वतःला राजा करून घेतलं. पण ते गाव दुकानांचं, पुस्तक विकत घ्यायचं आणि पिशवीत टाकून चालू लागायचं. भिलारचं तसं नाही. इथं तुम्ही कुणाच्या तरी घरात बसलेले असता. कूकरची शिट्टी होत असते, सोफ्यावर त्यांच्या बाळाची दुपटी असतात, टीव्हीचा आवाज तुमच्यासाठी कमी केलेला असतो. ओळख ना पाळख, आणि तुम्ही त्यांच्या बैठकीत पाय दुमडून कादंबरी वाचायची. मला तर पहिल्या घरात जाताना लग्नाच्या मांडवात चुकून शिरल्यासारखं झालं.

ते पहिलं घर बालसाहित्याचं. रंगीत भिंतीसमोर तीन कुटुंबं फोटोसाठी रांगेत. एकाची पोझ अशी : उघडं पुस्तक, त्यावर नजर, हनुवटीला बोट. फोटो झाला की पुस्तक पुढच्याच्या हातात. तेच पुस्तक, तेच पान. लेक मात्र आत जाऊन कोपऱ्यात बसली. बाबांनी तिच्या समोर उभं राहून तिच्या पुस्तकातली अडीच ओळी मोठ्यांदा वाचून दाखवली. उलट्या बाजूनं. शिशाचे खिळे आरशातल्यासारखे उलटे असतात आणि जुळारी ते पालथे वाचतो. त्यामुळं बाबांना समोरच्याच्या हातातलं काहीही वाचता येतं. लहानपणी माझी सगळी पत्रं त्यांनी अशीच वाचली. लेक ओरडली, ‘आजोबा, जावा की तुम्ही तुमच्या पुस्तकाकडं!’

कादंबऱ्यांचं घर पुढच्या आळीत निघालं. ओसरीवर एक म्हातारी लसूण सोलत बसलेली. हिरवं लुगडं, कानावरून शाल, शेजारी काठी. आमची वरात बघून तिनं मान वर केली.

‘कुठनं आलासा?’

‘सांगलीहनं,’ आई म्हणाली.

‘वाचाय आलासा का बघाय?’

आम्ही एकमेकांकडं बघितलं. बाबा पुढं झाले. ‘वाचाय.’

‘मग चपला काढून आत या. बघायचं असलं तर हितनंच दिसतंय.’

आत मोठी खोली होती. दोन भिंतींना काचेची कपाटं, चार खुर्च्या, एक लाकडी बाकडं. बाकावर गोधडी पसरलेली आणि खिडकीतून तिच्यावर ऊन. सूनबाई ओल्या हातानं बाहेर आल्या, वही पुढं केली. बाबांनी नाव, गाव लिहिलं आणि ‘शेरा’ या रकान्यात रेघ ओढली. आधीच वाचणार, मग शेरा लिहिणार! मग कपाट. पाऊण तास ते नुसते पुस्तकं काढत होते, मुद्रकाचं पान बघत होते आणि जागेवर ठेवत होते. एक पुस्तक नाकाला लावलं. ‘बुरशीचा वास नाही. इथल्या पावसात हे कसं जमवलं?’

सूनबाई म्हणाल्या, ‘बाबा, पावसाळ्यात चार महिने आमचे कपडे वाळत नाहीत, तिथं कागदाचं काय सांगू! जरा उघडीप पडली की कपाटं उघडी टाकायची. पुस्तकं पंख्याखाली उभी करून ठेवायची, कोंबड्यांवाणी.’ म्हातारी बाहेरून म्हणाली, ‘मला एवढं कुणी जपलं न्हाई.’

अखेर बाबांनी एक जुनी ग्रामीण कादंबरी काढली. नाव सांगत नाही, कारण ते विचाराल आणि कादंबरीवरच बोलणं सुरू होईल. जुनी आवृत्ती, खिळ्यांवर छापलेली. अक्षरांवरून बोट फिरवलं तर पानाच्या मागच्या बाजूला उठाव लागतो, तसली. पान १८ आणि १९ च्या मध्ये एसटीचं जुनं तिकीट होतं. कुणीतरी खुणेला ठेवून गेलेलं. बाबांनी ते उचलून बघितलं आणि जिथल्या तिथं ठेवलं. ‘त्याचं तो बघंल आला तर.’ मग बाकावर मांडी घातली, पहिलं पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली. पहिल्या पानापासून. मी आईकडं बघितलं, आई माझ्याकडं. चाळीस वर्षांत हे कधी बघितलं नव्हतं.

आम्ही त्यांना तिथंच सोडलं.

आईची आणि सूनबाईंची तोवर जमली होती. सांगली म्हटल्यावर म्हातारीनं लगेच ‘मग हळद घरची आसंल की’ म्हणून विषयाला हात घातला होता, आणि हळदीवरून गाडी आपसूक मागच्या वाफ्यांवर गेली. घरामागं उताराला पायऱ्या पायऱ्यांचं रान. उंच गादीवाफे, त्यावर चकचकीत मल्चिंग पेपर, पेपरला ठरावीक अंतरावर भोकं, आणि भोकाभोकातून एकेक रोप. खालून ठिबकची नळी. आई वाकून बघायला लागली तर पानांखाली लालबुंद फळं लोंबत होती, काही पांढरी, काही अर्धी रंगलेली आणि त्याच रोपावर पांढरी फुलंही. ‘अगं बाई, नातवंडं-पतवंडं सगळी एका घरात!’ आई म्हणाली.

सूनबाईंनी खुडायचं शिकवलं. फळाला हात लावायचा नाही. वरचा देठ दोन बोटांत धरायचा आणि नखानं खुडायचा, हिरवी टोपी फळावरच राहिली पाहिजे. टोपी निघाली की फळ लगेच नासायला लागतं. आणि पूर्ण लाल झालेलंच खुडायचं, कारण आंब्यासारखं हे अढीत पिकत नाही. अर्धं पांढरं खुडलं तर ठेवून ठेवून रंग धरेल, पण गोडी खुडताना असेल तेवढीच. रस्त्यावरच्या लालभडक स्ट्रॉबेऱ्या घरी नेल्यावर आंबट का लागतात, ते मला त्या दिवशी कळलं. पावसाळ्यात रोपवाटिकेत मातृरोपांना धुमारे फुटतात, त्यांना सगळे ‘रनर’च म्हणतात. ती रोपं सप्टेंबर-ऑक्टोबरात वाफ्यावर लावायची आणि डिसेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत दिवसाआड तोडा. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सूनबाईंनी ते ‘जीआय’ असंच म्हटलं, सातबारा म्हणावा तितक्या सहज. जातींची नावंही तशीच. ‘ही विंटर डॉन, लवकर येते. ती खालची स्वीट चार्ली.’ आईला चार्ली फार आवडला. दिवसभर ती चार्लीच म्हणत होती.

पडवीत प्रतवारी चालली होती. मोठी फळं एका बाजूला, मध्यम दुसरीकडं, वेडीवाकडी जॅमला. मोठी फळं प्लॅस्टिकच्या पनेटमध्ये रचायची, टोकं एकाच दिशेला. सूनबाईंचे हात चालले होते आणि नजर वर. एकही फळ दोनदा उचललं नाही. बाबा तिथं असते तर म्हणाले असते, असाच हात केसमध्ये, खिळ्यांच्या खणाखणांच्या पेटीत, चालायला पाहिजे. कुठलं अक्षर कुठल्या घरात आहे, ते बघायला लागला तर तो जुळारी कसला!

जेवण त्यांच्याकडंच सांगितलं होतं, पैसे देऊन. ज्वारीची भाकरी, वाटाणा घातलेली वांग्याची भाजी, लाल मिरचीचा ठेचा. बाबांना हाक मारली तर ‘आलो’ म्हणाले आणि पंधरा मिनिटांनी आले. हात धुवून जेवले, परत हात धुतले, पंचाला पुसले, ते सुकलेत का बघितलं आणि पुन्हा बाकावर.

दुपारी मी आणि लेक गाव हिंडलो. दिवाळी अंकांच्या घरी मी माझ्या जन्मसालचा एक अंक शोधून काढला आणि त्यातल्या जाहिरातीच वाचत बसले. शिलाई मशीन, टूथपावडर, स्कूटरसाठी नंबर लावा. एका घरी कपाटाची किल्ली शेतावर गेलेली. शेजारच्या पोरानं सायकलवरून जाऊन आणली, तेवढ्यात आम्हाला कोकम सरबत मिळालं. चरित्रांच्या घरी कॉलेजातली चार मुलं स्पर्धा परीक्षेची स्वतःची गाइडं घेऊन बसलेली. शांतता मिळते म्हणून पाचगणीहून रोज येतात म्हणे. हा उपयोग गाव काढणाऱ्यांच्या डोक्यात होता की नाही, कुणास ठाऊक. मला तो सगळ्यात आवडला.

गर्दीचं म्हणाल तर दुपारी दोनपर्यंत गाव फुललं होतं. एक गाडी आली की पाच जण उतरायचे, दोन दारांचे फोटो, स्ट्रॉबेरी विथ क्रीम आणि गाडी परत. म्हातारी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होती. एका टोपीवाल्या काकांनी ‘बघायला’ असं प्रामाणिकपणे सांगितलं, तर तिनं त्यांना उन्हात खुर्ची दिली. ‘मग हितं बसा. ऊन बघा.’ ते बसले. बराच वेळ बसले.

मी पाचच्या सुमाराला बाबांना आणायला गेले. ऊन बाकावरून सरकून भिंतीवर गेलं होतं आणि बाबांनी गोधडी पायांवर ओढून घेतली होती. चष्मा कपाळावर, पुस्तक नाकाजवळ. मी काही बोलले नाही, शेजारी बसले. ते पान उलटायचे तेव्हा आधी कोपरा दोन बोटांत तपासायचे, एकच पान आहे ना, चिकटून दोन आली नाहीत ना. जुनी सवय. ओठ किंचित हलत होते. एकदा म्हणाले, ‘ह्याला कळलंय, पण सांगत नाही बघ.’ कुणाला काय कळलंय ते मी विचारलं नाही.

पावणेसहाला लाइट गेली. डिसेंबरातला तिथला अंधार डोंगरावरून घरंगळत येतो. बघता बघता खोलीत नुसत्या काचा चमकायला लागल्या. मी मोबाइलची बॅटरी लावली.

‘बंद कर. बॅटरी मारून वाचायला मी काय चोर आहे?’

दहा मिनिटं तसेच बसलो. लाइट आली नाही. बाहेरून नवऱ्याच्या गाडीचा हॉर्न, आत सूनबाई कंदील घेऊन कपाटं लावायला आलेल्या. बाबांनी पुस्तक मिटलं आणि खिशातली डायरी काढून अंदाजानं लिहिलं : पान १४३.

‘नववा फर्मा संपायला एक पान राहिलं,’ म्हणाले.

सूनबाई कळवळल्या. ‘बाबा, उद्या या की सकाळी. नाही तर इथंच राहा आज, खोली आहे.’ उद्या महाबळेश्वर, परवा नवऱ्याचं ऑफिस. बाबांनीच मान हलवली. म्हातारी ओसरीवरून म्हणाली, ‘किती ऱ्हायलंय?’

‘निम्मं.’

‘मग चांगलं हाय की. येणं हुईल.’ आणि आईला म्हणाली, ‘हळद आणा येताना.’

बाबांनी वहीतल्या रेघेपुढं शेरा लिहिला. मी कंदिलाच्या उजेडात बघितला. ‘पान ८७, ओळ ४ : “पाणि” नव्हे, “पाणी”.’

तिसरा दिवस, सोमवार

सोमवारचं फार सांगण्यासारखं नाही. जुन्या महाबळेश्वराला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री, पाच नद्यांची पाणी दगडी गोमुखातून कुंडात पडतात. आईनं त्या धारेखाली ओंजळ धरली. मनगटाएवढी धार. ‘इथं बघा कशी गरीब आहे,’ ती म्हणाली, ‘आणि आपल्या सातव्या पायरीला काय झालं होतं हिला!’ एवढं बोलून तिनं ते पाणी डोळ्यांना लावलं आणि उरलेलं बाटलीत भरून घेतलं.

पॉइंट बघायचे होते, पण गाड्यांची रांग इतकी, की एका पॉइंटच्या पार्किंगच्या पाटीपर्यंत पोचायला तास लागला. तिथनंच वळलो. पसरणीचा घाट नको म्हणून केळघर घाटानं मेढ्याला उतरलो. रस्ता मोकळा, दोन्ही अंगाला दाट झाडी, आणि नवरा तीन दिवसांत पहिल्यांदा शीळ घालत होता. साताऱ्यात कंदी पेढे घेतले. डिकीत चार पनेट स्ट्रॉबेरी होत्या; सांगलीत पोचेपर्यंत दोन उरल्या आणि त्यातली एक आईनं मांडीवर धरली होती, गाडीत फळं दबतात म्हणून. बाबा पुढच्या सीटवर डोळे मिटून बसलेले. झोपलेत असं वाटलं, तर कराडच्या पुलावर म्हणाले, ‘ती थोरली बहीण खोटं बोलत्येय.’

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ते वाचनालयात जाऊन तीच कादंबरी घेऊन आले. नवी आवृत्ती, संगणकावर जुळवलेली, गुळगुळीत मुखपृष्ठ. मी संध्याकाळी गेले तेव्हा गॅलरीत पुस्तक घेऊन बसले होते आणि तोंड आंबट.

‘झालं का वाचून?’

‘कुठलं! पान १४३ काढलं तर तिथं भलतंच. लग्न होऊन गेलेलं. मी इकडं अजून बैठकीत आहे.’ डायरी उघडी, पेन्सिल कानावर. ‘टाइप बारीक केलाय, ओळी वाढवल्यात. कागद वाचवलाय लेकांनी.’

अर्धा तास आम्ही दोघं मागं मागं जात ती जागा शोधत होतो. ११८ ला सापडली. बाबांनी बोटांवर हिशेब केला.

‘आठव्या फर्म्यात गेलं,’ म्हणाले आणि खुर्ची उजेडाकडं वळवली.

आईनं आतून विचारलं, हळद किलोभर पाठवावी की दोन.